हेवा वाटावा असा मुलगा

एका नदीकाठच्या गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्या घरी तीन शिष्य विद्या शिकत होते. त्यांतला थोरला जनार्दन. सात वर्षे तो गुरूंच्या सेवेत होता. मुळ्या खणून आणाव्यात त्याने, काढे उकळावेत त्याने, आणि रोज पहाटे गुरुजी नदीकाठाने फिरायला निघाले की त्यांच्याबरोबर चालावे तेही त्यानेच. त्या फिरण्यात गुरुजी जे बोलत, ते कुठल्या ग्रंथात सापडले नसते. दिवसभराच्या कष्टांचे जनार्दनाला काही वाटत नसे, कारण ती पहाट त्याची एकट्याची होती.

एके दिवशी परगावचा एक कापडाचा व्यापारी आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आला. मुलाचे नाव सोपान. अंगाने धडधाकट, पण मान सदा खाली घातलेली. व्यापारी दार लोटून गुरुजींशी बराच वेळ बोलला आणि मुलाला तिथेच ठेवून निघून गेला.

"हा काही महिने आपल्याकडे राहील," गुरुजींनी शिष्यांना एवढेच सांगितले. मग ते जनार्दनाकडे वळले. "तुझी खोली याला दे."

ती खोली गुरुजींच्या खोलीला लागून, परसदाराजवळ होती. जनार्दनाने वळकटी उचलली आणि ओसरीवर धाकट्या शिष्यांच्या शेजारी नेऊन टाकली. दुसऱ्या पहाटे तो नेहमीप्रमाणे उपरणे घेऊन दारात उभा राहिला, तर गुरुजी म्हणाले, "तू आज काढ्याकडे बघ. सोपान येईल माझ्याबरोबर."

तो 'आज' संपेचना. आठवडा गेला, पंधरवडा गेला. जेवताना गुरुजींच्या उजव्या हाताचे पान आता सोपानचे. सकाळी गुरुजी भिजवलेल्या मनुका स्वतः त्याच्या ओंजळीत घालत, दुपारी दहादा विचारत, "पाणी प्यायलास ना, बाळ?" मूठभर मनुकांचा आपल्याला हेवा वाटावा याची जनार्दनाला लाज वाटे, पण वाटायचा तो वाटेच. तो उन्हात मुळ्या कांडत बसला की डोळे मात्र सोपानवर खिळलेले असत.

हळूहळू त्याला भलतेच दिसू लागले. सूर्य मावळला की हा मुलगा ताकाच्या वाटीला हात लावत नाही. म्हणजे गुरुजींनी व्रत दिले आहे. पहाटे सगळ्यांच्या आधी याचे स्नान झालेले असते; म्हणजे दीक्षा झालेली दिसते. जी विद्या आपण सात वर्षे मागतो आहोत, ती या व्यापाऱ्याच्या पोराला आयती मिळते आहे!

एकदा त्याने सोपानला विहिरीपाशी गाठले. "गुरुजी तुला काय शिकवतात रे?"

मुलगा कानांपर्यंत लाल झाला. "काही नाही, दादा."

"मग दार लावून काय चाललेलं असतं?"

"ते... गुरुजींनी सांगितलंय, ते आमच्या दोघांतच ठेवायचं."

जनार्दन आतून पेटला.

त्याच दिवशी संध्याकाळी गुरुजी सोपानला घेऊन देवळात गेलेले पाहून तो त्या खोलीत शिरला. त्याला वाटले होते, एखादी पोथी सापडेल. भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा होत्या. सुरुवातीला रेघा थोड्या आणि फुल्या फार. पुढे फुल्या विरळ होत गेलेल्या. शेवटच्या सतरा तर नुसत्या रेघाच. जनार्दनाने अंथरूण उचलले. चादरीखाली मेणकापड होते. कोपऱ्यात धुतलेल्या चादरींची चळत होती. आणि गादीला, कितीही उन्हे दिली तरी न जाणारा, एक पुसट वास होता. वैद्याच्या शिष्याला तो ओळखायला वेळ लागला नाही.

व्रत नव्हते. दीक्षा नव्हती. अकरा वर्षांचा हा घोडा रात्री अंथरूण ओले करत होता.

जनार्दनाला आधी हसू आले, मग मोठे हायसे वाटले. तो तेवढ्यावरच थांबला असता, तर ही गोष्ट सांगावी लागली नसती. पण त्या पंधरवड्यांचे सगळे विष त्याच्या जिभेवर आले होते. रात्री पंगतीत धाकटे शिष्य होते, औषधासाठी मुक्कामाला राहिलेले दोन पाहुणे होते. ताक वाढणाऱ्याला जनार्दन मोठ्या काळजीच्या सुरात म्हणाला, "सोपानला वाढू नका हं. रात्रीचं पोरगं अंथरुणात... उगाच त्याला त्रास."

कुणीतरी खुदकन हसले. सोपानचा हात पानावरच थांबला. गुरुजींनी मान वर करून जनार्दनाकडे एकदा पाहिले आणि पुन्हा जेवू लागले.

पुढचे तीन दिवस सकाळी परसात चादर वाळत पडलेली दिसली. सोपानने फिरायला जाणे सोडले, जेवायलाही तो सगळे उठल्यावर येई. चौथ्या पहाटे गुरुजी ओसरीवर आले आणि म्हणाले, "जनार्दना, चल. फिरायला जाऊ."

हवे होते ते मिळाले होते. तोच रस्ता, तीच नदी, शेजारी गुरुजी. शिक्षा होईल असे वाटत असताना गुरुजींनी बक्षीसच पुढे केले होते, आणि त्याचा अर्थ जनार्दनाला लागेना. गुरुजी काही बोलतही नव्हते, नुसते पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होते. घाटापर्यंत जाता जाता ते मौन जनार्दनाला असह्य झाले.

"गुरुजी, मला रागवा तरी," तो म्हणाला. "मी ते मुद्दाम बोललो. माझ्याच्यानं त्याचं कौतुक बघवत नव्हतं."

"ठाऊक आहे," गुरुजी घाटाच्या पायरीवर बसत म्हणाले. "पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ऐक. या मुलाची झोप दगडासारखी आहे आणि शरीराची एक सवय अजून पिकायची आहे. काहींची उशिरा पिकते. त्याला उपाय फार नाहीत. दिवसा भरपूर पाणी, संध्याकाळी थोडं, पोट साफ, निजण्याआधी परसात जाऊन येणं, आणि धीर. हे तर कुणीही करील. पण याचा बाप काय करत होता, माहीत आहे? ओली गादी रस्त्याकडच्या ओट्यावर टाकत होता, लोकांनी बघावी म्हणून. वर मारत होता. कोणी मूल हे जाणूनबुजून करत नाही, जनार्दना. झोपेत घडलेल्या गोष्टीसाठी हा मुलगा दिवसभर मार खात होता, आणि रात्र आली की झोपेलाच भीत होता. मी त्याला शेजारी बसवलं, फिरायला नेलं, तेव्हा त्याला ती दया वाटली. मग एकदा त्यानं मला विचारलं, 'जनार्दनदादा माझ्याकडे असं का बघतात?' मी म्हणालो, 'त्याला तुझी जागा हवी आहे.' दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून चालला. ज्याला सगळं गाव हसलं, त्याचा आज कुणी हेवा करतंय! माझ्या कुठल्याही औषधापेक्षा तुझा हेवा त्याला अधिक मानवला. म्हणून मी तो पाहिला आणि राहू दिला. तुला न विचारता तुला औषधासारखं वापरलं, हा माझा अपराध. त्याचं शासन त्या पोराला झालं."

जनार्दन हळूच म्हणाला, "आता मी काय करू? क्षमा मागू?"

"क्षमा माग. पण त्याचं दुखणं वेगळं आहे. त्याला वाटतंय, आता याला सगळं कळलं, आता हाही हसणार. त्यावर मी काय सांगू? तुझ्या मनात काय उरलंय ते तुलाच पाहावं लागेल."

घरी आल्यावर जनार्दन परसात गेला. सोपान विहिरीपाशी उकिडवा बसून चादर पिळत होता. पावले ऐकून त्याने ती घाईने मागे लपवली.

जनार्दनाने चादरीचे दुसरे टोक धरले. दोघांनी मिळून ती पिळली.

"मी फार वाईट वागलो," जनार्दन अखेर म्हणाला. "मला क्षमा कर."

"खरं तेच बोललात तुम्ही," सोपान खाली मान घालून म्हणाला. "आता तुम्हाला माझा राग नाही ना येत? कशाला येईल. असल्या मुलाचा काय हेवा करायचा?"

जनार्दनाने मनात डोकावून पाहिले. तिथे जे दिसले त्याचे त्यालाच नवल वाटले.

"ऐक," तो म्हणाला. "खोटं सांगत नाही. मला अजूनही हेवा वाटतो तुझा. सगळं कळल्यावरसुद्धा. आज गुरुजी माझ्याबरोबर आले ना, तर दर दोन पावलांना मागे वळून बघत होते, तू येतोस का म्हणून. सात वर्षांत माझ्यासाठी ते एकदाही वळले नाहीत."

सोपानने मान वर केली. जनार्दन थट्टा करतो आहे का, हे तो त्याच्या चेहऱ्यावर बराच वेळ शोधत राहिला. तिथे थट्टा नव्हती.

"खरंच वळले?"

"खरंच. मला इतका राग आला की विचारू नकोस."

मुलाच्या ओठांचा कोपरा हलला. मग तो हसला, आणि त्याला हसताना पाहून जनार्दनालाही हसू फुटले. दोघांनी चादर दोरीवर टाकली; लपवायची म्हणून भिंतीआड नाही, उन्हात, मधोमध.

पुढे काही रात्री कोरड्या गेल्या, काही ओल्या. भिंतीवर फुली पडली की सोपान ती स्वतः काढी, आणि जनार्दन चादर धुवायला हात लावी. त्यावर चर्चा होत नसे. थंडी सरता सरता फुल्या थांबल्या. कधी थांबल्या ते दोघांनाही सांगता आले नसते, कारण तोवर त्यांनी मोजणेच सोडून दिले होते. पहाटे आता तिघे फिरायला जात. सोपान मधे चाले, आणि जनार्दनाला अधूनमधून त्या जागेचा हेवाही वाटे.

आपल्या घरातल्या मुलाची गादी उन्हात टाकताना एवढेच पाहावे, की तिच्याबरोबर त्या मुलालाही आपण चव्हाट्यावर मांडत नाही ना.