उघड्या शिंपल्यांची मोजणी

एका खाडीच्या काठी तीन राज्ये होती आणि तिघांचीही घाण एकाच पाण्यात उतरत असे. वरच्या अंगाला बगळे, मध्ये पाणमांजरे, खाली डुकरे. नाला प्रत्येकाचा होता, दोष मात्र नेहमी शेजाऱ्याचा. मासे पोट वर करून तरंगू लागले, तेव्हा तिघांनी मिळून पाण्यावर नजर ठेवणारे एक मंडळ काढले. नाला बुजवण्यापेक्षा मंडळ काढणे केव्हाही सोपे.

पाणी चाखायला एकही सभासद तयार होईना. मग एका विद्वान बगळ्याने युक्ती सुचवली. चिखलात तिसऱ्या नावाचे शिंपल्यांतले जीव राहतात; त्या चांगल्या पाण्यात शिंपले उघडून श्वास घेतात, पाणी नासले की घट्ट मिटून बसतात. तेव्हा उघडे शिंपले मोजावेत म्हणजे झाले. पाऊल वाजले तरी त्या मिटतात, म्हणून मोजणी लांबच्या खडकावरून करायची असे ठरले. पाय चिखलात घालावे लागणार नाहीत, हे सर्वांनाच पसंत पडले.

पहिल्या मोजणीत दहातले आठ शिंपले मिटलेले निघाले. मंडळ संतापले, पण पाण्यावर नव्हे. "या तिसऱ्या मुद्दाम रुसून बसल्यात," डुकरांचा पुढारी म्हणाला, आणि बाकीच्यांनी निर्लज्जपणे माना डोलावल्या. तिसऱ्यांची समजूत घालायला त्यांच्याच शेजारी राहणाऱ्या कुर्ली खेकडीला धाडण्यात आले.

म्हातारी तिसरी शिंपल्याच्या फटीतून बोलली. "कुर्लीबाय, हौस म्हणून कोण कवाड लावून बसतं का गं? पोरं कासावीस झालीत. आठ दिवसांच्या आत नाले थांबवा म्हणावं त्यांना. त्याच्यापुढं श्वास कोंडून आमचा दम निघायचा नाही."

कुर्लीने निरोप जसाच्या तसा सांगितला. मंडळाने तो आदरपूर्वक ऐकून घेतला. आधी त्यांनी थांबवावे, असे प्रत्येक राज्य दुसऱ्या दोघांकडे बोट दाखवून म्हणाले. शेवटी दुसरी मोजणी आठ दिवसांनी घ्यायची आणि त्यानंतर नाल्यांवर बंदी घालायची, असा ठराव एकमताने झाला.

बंदी येणार म्हटल्यावर तिघांनीही घरी जाऊन पहिले काम एकच केले. वर्षानुवर्षांचा साठवलेला गाळ, सडका पाला, कुजलेली आतडी, सगळे त्या आठ दिवसांत नाल्यांत ढकलून दिले. पाण्यावर हिरवट साय धरली. लिहितानाही किळस येते, पण त्यांना आली नाही.

आठव्या दिवशी सकाळी मंडळ खडकावर जमले. बगळ्याने चोच पंखात खुपसून, एका डोळ्याने मोजणी केली. सगळे शिंपले उघडे होते, अगदी सगळे. असा निकाल कुणाच्या स्वप्नातही नव्हता. आता बंदीची गरज उरली नाही, असे ठरवून तिन्ही पुढाऱ्यांनी एकमेकांच्या गळ्यात हार घातले.

कुर्ली तेवढी खडक उतरून चिखलात गेली. म्हातारीच्या शिंपल्यावर तिने नांगीने टकटक केले. मग शेजारच्या शिंपल्यावर, मग त्याच्या पलीकडच्या. ती शेवटच्या रांगेपर्यंत गेली. एकही शिंपला मिटला नाही.