दोन दगडांवर एक

एकदा एका मुलीने इतिहासाच्या पेपरात तीन ओळी लिहिल्या आणि उरलेला सगळा वेळ ती पंख्याकडे बघत बसून राहिली.

मुलगी आळशी नव्हती. अकरावीला तिने इतिहास स्वतः मागून घेतला होता, आणि तो शिकवणाऱ्या बाई फार कडक होत्या. त्या नुसते ‘कारणे लिहा’ असे विचारीत नसत. ‘यातले एक कारण नसते, तर पुढे काय झाले असते?’ असे विचारीत. मुलगी पहाटे उठून उत्तरे पाठ करी. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, तिसरा, सगळे सालांसकट. घरी ती धडाधड म्हणून दाखवी. सहामाहीला मात्र तिसऱ्या मुद्द्यातले एक साल आठवेना. त्या सालापाशी ती अडली, आणि त्याच्यापुढचे सगळेच गेले.

पेपर हातात देताना बाई म्हणाल्या, “ही काय लग्नाची पत्रिका आहे? दोन नावं आणि एक तारीख!”

वर्ग हसला. मग बाई जवळ येऊन हलकेच म्हणाल्या, “मेहनत करतेस, ते दिसतं मला. पण वार्षिकला पुन्हा असंच झालं, तर बारावीला दुसरा विषय घे. जिवाचे हाल करून घेऊ नकोस.”

वर्ग हसला त्यापेक्षा हे हलके बोलणेच तिला जास्त लागले. इतिहास सोडायचा, हे तिच्या मनात कधी आलेच नव्हते.

त्या दिवसांत शाळेभोवतीचा गडगा ठिकठिकाणी ढासळला होता. गडगा म्हणजे नुसत्या दगडांची भिंत. तिच्यात माती नाही, चुना नाही, दगडाला दगडच धरून असतो. एक म्हातारा तो नव्याने घालीत होता. सगळे त्याला आबा म्हणत. मधल्या सुट्टीत मुलगी मैत्रिणींना टाळून तिथल्याच फणसाखाली बसे आणि मोठ्याने पाठ करी. आबा एकेक दगड हातात घेऊन फिरवून बघत, आणि ऐकत.

आठवडाभराने ते म्हणाले, “काय गो, रोज अडतेस त्याच जागी?”

मुलगी ओशाळली.

“आणि अडलीस की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतेस. मधूनच का नाही सुरू करत?”

“मधून येत नाही, आबा.”

आबांनी हातातला दगड खाली ठेवला. मग म्हणाले, “पुस्तक पिशवीत टाक. मला हातभर गडगा घालून दे.”

“माझी परीक्षा आहे!”

“गडग्याची पण असते. म्हशी घेतात.”

तिला हसू आले, म्हणून ती उठली. चार दिवस, मधली सुट्टी झाली की ती धावत येई. तिने सारख्या मापाचे, चपटे दगड निवडले आणि एकावर एक नीट रचून चार उभ्या रांगा केल्या. रांगेला रांग लागून कंबरेइतकी भिंत उभी राहिली. आबांच्या ओबडधोबड गडग्यापेक्षा ती दिसायला कितीतरी देखणी होती. चौथ्या दिवशी आबा सावकाश तिच्याभोवती फिरले.

“दगड निवडावेत तर असे. माझ्या हाताखाली एवढी माणसं येऊन गेली, इतक्या निगुतीनं कुणी निवडले नाहीत.”

असे म्हणून त्यांनी खाली वाकून मधल्या एका रांगेतला दगड ओढून काढला. ती रांग कोसळली. तिच्या धक्क्याने शेजारचीही गेली.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. “आबा! चार दिवस लागले मला. आधीच मला वेळ नाही, आणि तुम्हाला चेष्टा सुचते?”

“आता माझ्यातला काढ. जो आवडेल तो.”

रागारागाने तिने आबांच्या गडग्यातला एक मधला दगड धरला. तो सहज सुटेना. हलवून हलवून तिने तो उपटलाच. गडगा हलला नाही. जिथे दगड होता तिथे नुसते भोक दिसत होते, आणि वरचा दगड दोन्ही अंगांना टेकून तसाच बसला होता.

आबा खाली बसले आणि त्यांनी तिलाही बसवले.

“बाय, मी दुसरीतून शाळा सोडली. तुझ्या पुस्तकातलं मला कळत नाही. पण तू म्हणतेस ते कसं रचलेलं आहे, ते ऐकू येतं. तुझं सगळं एकावर एक आहे. खालचा निसटला की वरचा उभा कशावर राहील? मी एक दगड नेहमी दोन दगडांवर ठेवतो. त्या दोघांमधला सांधा वरच्या दगडानं झाकतो. मग एखादा निसटला तरी बाकीचे वरच्याला सांभाळून घेतात. आणि निसटतो गो एखादा. सगळ्यांचाच निसटतो. त्याची लाज धरू नकोस. तुझे दगड चांगलेच आहेत. ते एकमेकांवर टेकव.”

मुलगी बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिली. मग तिने पिशवीतून पुस्तक काढले. यंत्रयुगाचा धडा होता, तोच, जिथे ती अडत असे.

“खाणीत पाणी भरायचं,” ती हळूहळू म्हणाली. “ते उपसायला वाफेचा पंप आला.”

“पाणी भरणारच. विहीर खणताना आम्हालाही तोच त्रास. मग?”

“पंप कोळसा फार खायचा. म्हणून कुणीतरी तो सुधारला, त्याच सालाला मी अडते. पुढे तेच इंजिन कापडाच्या गिरणीत गेलं.”

“म्हणजे गिरणी कशाकशावर बसली?”

“इंजिनावर.” ती थांबली. “आणि कापसावर. तो इथूनही जात होता.”

“बघ. दोन झाले.”

त्या दिवसापासून तिची वही बदलली. प्रत्येक गोष्टीखाली ती लिहू लागली, ही कशाकशावर टेकली आहे. काम वेळखाऊ होते. पाठ करण्यापेक्षा अवघड होते. वार्षिक परीक्षेपर्यंत नऊपैकी सातच धडे झाले. मधल्या सुट्टीत तिने आपली हातभर भिंतही पुन्हा घातली, या वेळी वेडीवाकडी, पण सांधे झाकून. आबांनी तिच्यातला एक दगड ओढून बघितला, भिंत हलली नाही, आणि त्यांनी हात झटकले.

परीक्षेत इंजिनाचाच प्रश्न आला, आणि नेमके तेच साल पुन्हा निसटले. तिने डोळे मिटले. खाणीतले पाणी होते, कोळसा होता, कापूस होता. सगळे जागच्या जागी होते. मध्ये फक्त एक भोक होते. तिने सालाची जागा कोरी ठेवली आणि पुढे लिहीत गेली. घंटा झाली तेव्हा ती पुरवणी बांधत होती.

पहिला नंबर काही आला नाही. न झालेल्या दोन धड्यांचे गुण गेले. पण त्या कोऱ्या जागेसमोर बाईंनी लाल शाईने लिहिले होते, ‘साल राहिले. उत्तर उभे आहे.’ आणि खाली, ‘बारावीला भेटू.’

मुलगी पेपर घेऊन धावतच फणसाखाली गेली. आबा अवजारे गोळा करीत होते, काम संपले होते. तिने शेरा वाचून दाखवला. आबांनी तो पुन्हा वाचायला लावला, आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

तेवढ्यात तिचे लक्ष गडग्याकडे गेले. एवढा पुरा झालेला गडगा, पण तिने दगड उपटला होता तिथले भोक तसेच होते. दगड खाली पडून होता.

“आबा, हा बसवायचा राहिला.”

“राहिला नाही, ठेवला. तो तुझा आहे. साल आठवलं का?”

मुलीने दगड उचलला, दोनदा फिरवून बघितला आणि अलगद आत सारला.

“सतराशे एकोणसत्तर,” ती म्हणाली.