सोनकीच्या एका फुलात किती फुलं

डोंगराच्या अगदी माथ्यावर, जिथं ढग दारातून आत येऊन बसतात, तिथं आठ झोपड्यांची एक वाडी होती. त्या वाडीतल्या ठकूची आई आषाढात गेली. भाद्रपदात धाकट्या भागीला ताप भरला. बाबा औषधासाठी डोंगर उतरले, त्याला तीन दिवस झाले होते. भागी आता पाणीही गिळत नव्हती.

शेजारच्या रखमाकाकू म्हणाल्या, सड्यावर, त्या उघड्या कातळावर, सोनकी उमलली असेल, तिचं एक फूल उशाशी ठेव, पोरीला बरं वाटेल.

ठकू धुक्यातून सड्यावर गेली. काळ्या कातळावर बोटभर माती आणि तेवढ्याशा मातीत पिवळीधमक सोनकी. खाली कातरलेल्या काठांची पानं, वर दवाचे इवले इवले थेंब लखलखत होते. ठकूनं एक फूल खुडलं, तर त्यातून करंगळीएवढी परी बाहेर आली. तिचे पंख हळदीच्या रंगाचे होते.

परीनं नियम सांगितले. एका फुलाला एक इच्छा. दव सुकायच्या आत मागायची. आणि गेलेलं माणूस मागायचं नाही.

ठकूचे ओठ उघडले होते, ते मिटले.

"भागीचा ताप..." म्हणून ती थांबली. काकूंचं तान्हंही कालपासून फणफणलं होतं. तरी सकाळी त्यांनी आपल्या ताटातली भाकरी ठकूला दिली होती.

"अर्धी इच्छा चालेल का? अर्धी भागीला, अर्धी काकूंच्या बाळाला."

"मग दोघांचाही अर्धाच ताप उतरेल, बाळ."

दव सुकत चाललं होतं. "चालेल," ठकू म्हणाली. "उरलेल्या तापाला मी उशाशी बसेन."

परीनं फूल तिच्या डोळ्यांजवळ धरलं. "तू जिला पाकळी म्हणतेस ना, ते एकेक फूलच आहे. मधले बारीक ठिपके, तीही फुलंच. अख्खी वाडी आहे ही. दाटीनं राहतात, म्हणून लोकांना एक वाटतं. तू दोन घे."

ठकूनं दोन घेतली. मग उरलेल्या फुलांकडे बघत राहिली.

"आईपर्यंत त्यातलं एकही पोचत नाही," परी हळूच म्हणाली. "त्यांचं बी होऊ दे."

तिनं फुंकर घातली. फुलाचं कापसासारखं बी झालं, उडालं. सड्याभर पिवळा उजेड पसरला आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

घरी भागी उठून बसली होती. कपाळ थंड होतं. शेजारी तान्हं दुधासाठी रडत होतं. भागीनं भाकरी मागितली. मग विचारलं, "आई कुठंय?"

ठकूनं तुकडा मोडून तिच्या हातात दिला.

"आई नाही. मी आहे. खा."