आडवणीचा पाट

या गोष्टीत दगडाची एक वस्तू समुद्रात बुडते. ती जातं होती की पाटा, हे आता खात्रीनं सांगता येत नाही. ऐकली तेव्हा जातं म्हणूनच ऐकली असावी; पण पुढे कुणीतरी पाटा म्हटलं आणि तेही खरं वाटू लागलं. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीवर म्हातारपणी किती विसंबावं? तूर्त जातं म्हणू. चूक निघाली तर शेवटी दुरुस्त करता येईल.

तर फार वर्षांपूर्वी, कोकणच्या किनाऱ्यावर, उंडीच्या झाडांवरून नाव पडलेलं उंडीबंदर नावाचं गाव होतं. पुढे वाळू, मागे माड, आणि मधोमध गोड्या पाण्याची एकच विहीर. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी विहिरीचं पाणी शहाळ्यासारखं. ही सगळी आडवणीची कृपा, असं म्हणतात.

आडवण म्हणजे गावासमोर पाण्याखाली आडवा पसरलेला लांबच लांब खडक. उधाणाच्या ओहोटीला त्याची पाठ उघडी पडायची: कुठे पिवळी, कुठे जांभळी, सगळी टोकाटोकांची. बाहेरून डोंगराएवढी लाट येई, आडवणीवर आपटे, फुटे, आणि गावाच्या वाळूला लागेतो तिचं रांगतं मूल झालेलं असे. गावाला मात्र आडवण म्हणजे एक कटकट वाटे. होड्यांना तिला लांबून वळसा घालावा लागे. आई उंबऱ्यात आडवी झोपली की पोरं कुरकुरतात, तसंच ते.

त्या गावात आवडाय चुनेकरीण राहत होती. नवरा गेल्यावर चुन्याची भट्टी तिनं एकटीनं पेटती ठेवली. शिंपले भाजून केलेला तिचा चुना चांगलाच होता, पण जरा पिवळट. एकदा वादळानंतर आडवणीचं एक तुटकं ढेकूळ वाळूत आलं. तिनं ते सहज भट्टीत टाकलं, आणि त्याचा चुना निघाला बगळ्याच्या पिसासारखा पांढरा.

नेमकं तेव्हाच गावाला देवीचं नवं देऊळ बांधायचं होतं. गावाचा म्होरक्या सोमा तांडेल म्हणाला, "आडवण फोडूया. देवळाक चुनो, नि होड्यांक सरळ वाट. एका दगडात दोन पाखरां!"

"नि तिसरा पाखरू माझा," आवडाय हसत म्हणाली. "भट्टी बारमास चालतली."

ओहोटी बघून माणसं पहारी घेऊन उतरली. आडवणीच्या मधोमध खिंडार पडलं. आवडायची भट्टी धडधडली. देऊळ असं पांढरंशुभ्र झालं की दूरचे खलाशी त्याच्यावरून दिशा धरू लागले, असं म्हणतात. लोक म्हणत, देऊळ देवीचं, पण तेज आवडायच्या चुन्याचं. तिलाही ते ऐकायला आवडे.

त्याच साली तिच्या मुलाचं लग्न झालं. सून सगुणा घाटाच्या पायथ्याची. तिच्या बापानं काळ्या दगडाचं जातं दिलं. वऱ्हाडाची होडी नव्या सरळ वाटेनं आली, आणि खिंडारातल्या पाण्यानं तिला भेंडासारखी उलटी केली. माणसं वाचली. जातं गेलं.

"सुनेनं येतायेताच दर्याक आहेर केल्यान," बायका म्हणाल्या.

पण त्या खिंडारातून होडीच्या मागोमाग समुद्रही आत आला होता. पहिल्या पावसाळ्यात काठावरच्या उंडी पडल्या. पुढच्या पावसाळ्यात माडांची एक रांग. मग विहिरीचं पाणी मचूळ झालं. गावानं देवीला कौल लावला, नवस केले. मग सोमा तांडेलाला सुचलं की वाळूत चुन्या-दगडाची भक्कम भिंत बांधावी. चुना कुठला? आडवणीचा! घराचे वासे उपटून दाराला आगळ करावी, तसं गावानं केलं. खिंडार आणखी रुंदावलं आणि पहिल्याच मोठ्या भरतीनं भिंत पापडासारखी मोडली.

विहीर खारट झाली. गाव उठवायचं ठरलं.

सगुणा बोचकी बांधू लागली. आवडाय दारात बसून राहिली. गाव आपल्याच भट्टीत जळलं, हे तिला कुणी बोलून दाखवलं नव्हतं. त्यामुळेच तिला ते दिवसभर ऐकू येत होतं.

अशा वेळी कालवं काढणारा बाबल वाळूतून हाका मारत आला. "आवडाय, तुमचा जाता गावला! खिंडारात बुडी मारलंय, तर पायाकच लागला!"

बाबलनं दोराला बांधून जात्याची वरची तळी ओढत आणली होती. सगुणा धावत गेली आणि थबकली.

"गे आये, ह्याच्यार काय उगावलासा?"

जात्याच्या काळ्या अंगावर पिवळसर, खडबडीत टेंगळं आली होती. आवडायनं बोट फिरवलं. तांदळाच्या दाण्याएवढ्या वाट्या, एकीला एक चिकटून. ओळखीचाच दगड होता तो. असा दगड तिनं टोपल्यांनी जाळला होता. तिनं घंगाळात समुद्राचं पाणी भरून जातं त्यात ठेवायला लावलं आणि सगळी वाकून बघत राहिली. हळूहळू एकेका वाटीतून मंजिरीसारखे नाजूक हात बाहेर आले. आवडायनं बोट जवळ नेलं, तर ते झटकन आत गेले.

"ह्यो जितो आसा," ती म्हणाली.

"दगड?" बाबल हसला. "उद्या माझ्या होडयेचो दगडी नांगर चलाक लागतलो!"

"मेल्या, दगड न्हय. दगड ह्येंचा घर. ह्ये बांधतत नि मरतत. पोरां त्येच्यार आपला घर बांधतत. नि माका वाटला, आडवण देवान घालून दिली नि सुटलो."

त्या दिवशी ती जेवली नाही, असं म्हणतात. संध्याकाळी तिनं भट्टीवर घागर ओतून ती कायमची विझवली, आणि इतकी वर्षं समुद्रात ढकलत आलेली राखही तिथेच राहू दिली. दुसऱ्या दिवशी बोचकी घेऊन जमलेल्या गावासमोर ती उभी राहिली.

"घरात पावणो इलो तर आपण काय करतंव? पाट मांडतंव. मांडलाव नाय तर तो उंबऱ्यातसून परत जाता. खिंडारात सगळी वाळू. ते जीव येतत, बसाक जागा बघतत, नि जातत. जात्यार त्येंका पाट गावलो, म्हणान बसले. पाट मांडूया."

"नि गाव धुपान जाईसर पाट मांडीत बसाचा?" सोमा तांडेलानं विचारलं.

"तू फोडलंस, मी भाजलंय," आवडाय म्हणाली. "तू गेलंस तरी मी बसतंलय."

सोमा गेला नाही. लाजेनं म्हणा, हट्टानं म्हणा, तो राहिला, आणि म्हणून गाव राहिलं. विहीर खारट ती खारटच. बायका टेकडीपलीकडच्या झऱ्यावरून पाणी आणू लागल्या. पहिल्यांदा सगळ्यांनी टोपल्या भरभरून गोटे खिंडारात ओतले. लाटांनी ते खुळखुळ्यासारखे फिरवले आणि वाळूत उधळून दिले. घरंगळत्या पाटावर कोण बसेल? जांभा दगड टाकून पाहिला, तो झिजला. तेव्हा सगुणा म्हणाली, "माझ्या माहेराक काळो दगड मोप आसा. पण तो हंयसर आणतलो कोण?"

"येतल्यो त्यो सुनो," आवडाय म्हणाली. "तुझ्यासारख्यो."

तिथून रीत पडली. उंडीबंदरात सून यायची ती माहेरचा एक काळा दगड घेऊन. दोघांनी उचलावा लागेल एवढा, म्हणजे लाटेनं हलू नये. पहिलं मांडलं सगुणेचं जातं. आवडाय होडीतून सोबत जाई, दगडाला कुंकू लावी, नव्या नवरीच्या हातून अक्षता टाकवी. अक्षतेचा दाणा न् दाणा तळाशी जाऊन दगडाला चिकटला आणि जिवंत झाला, असं म्हणतात. म्हणूनच त्या वाट्या तांदळाएवढ्या.

वाढ मात्र मुंगीच्या पावलाची. वर्षाला नखाएवढी. सोमा तांडेल गेला, बाबल म्हातारा झाला, सगुणेला नातवंडं झाली. दगडांच्या फटी भरत आल्या. आवडाय जगतच राहिली. तिचं वय मोजायला गेलं तर हिशेब जुळत नाही, पण गाव तो मोजत नाही. तिला दिसेनासं झालं, तेव्हा ती येणाऱ्या सुनांना विचारी, "लाट खंय फुटता गो?" त्या सांगत, "बाहेर, आये. पण थोडी आत येता." विहिरीचं पाणी पुन्हा नुसतं मचूळ झालं होतं, मग पिण्याजोगं. पण मोठं वादळ अजून आलं नव्हतं.

मग ते आलं. भर दुपारी आभाळ काजळासारखं झालं. गाव टेकडीवर पळालं. आवडाय मात्र विहिरीच्या काठावर जाऊन बसली.

"आये, चल गे!" सगुणा ओरडली.

"तू जा. माका बघूचा आसा."

"आंधळ्या म्हातारे, काय बघतलंस?"

"चव," आवडाय म्हणाली.

सगुणा कपाळावर हात मारून तिच्याशेजारी बसली. टेकडीवरच्यांनी पाहिलं: माडांच्या उंचीची लाट आली. आडवणीपाशी ती थांबली. पाण्याखालचे सगळ्या सुनांचे दगड उठले आहेत, सुनाच होऊन त्यांनी एकमेकींचे हात धरून फेर धरला आहे, आणि लाट त्या फेरात शिरू पाहते आहे, असं दिसलं म्हणतात. लाट फुटली. दुसरी आली, तीही फुटली. सबंध दुपार आडवण गरजत होती. विहिरीपर्यंत आला तो फक्त फेस. त्यानं आवडायचे पाय भिजवले आणि तो मागे सरला.

वारा पडला तेव्हा सगुणेनं घागर सोडली. ओंजळ म्हातारीच्या तोंडाशी धरली. आवडायनं घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि किती तरी वेळ गिळलाच नाही.

"कसा आसा, आये?"

"गोड," आवडाय म्हणाली. "शहाळ्यासारखा." मग ती सुनेच्या खांद्यावर डोकं टेकून इतकी गाढ झोपली की टेकडीवरून हसत-रडत उतरलेल्या गावाच्या गलक्यानंही उठली नाही. कुणी म्हणतं दुसऱ्या दिवशी उठली, कुणी म्हणतं नाही.

उंडीबंदरात आजही नवी सून घरात शिरण्याआधी होडीतून आडवणीवर जाते. दगड सोडताना सगळ्या बायका ओरडतात, "आवडाय, पाट मांडला!" मग चिडवाचिडवी सुरू होते, की दगड धाकटा तर सून चुकार. खिंडार कधीच भरलं आहे, म्हणून दगड आता उघड्या वाळूच्या कडेला सोडतात, त्या वाट्यांच्या जित्या पोवळ्यावर नाही. आडवणीवर कुणी नांगर टाकत नाही. आणि विहिरीची पहिली ओंजळ आवडायच्या नावानं जमिनीवर सोडतात.

राहिली ती सुरुवातीची शंका. पुष्कळ वर्षांनी समुद्रातले जीव अभ्यासणारी एक मुलगी त्या गावी आली. तिला मी सगळं सोडून एवढंच विचारलं, की जुन्या खिंडाराच्या तळाशी काय आहे ते बघशील का. ती दोन वेळा खाली जाऊन आली. म्हणाली, पोवळ्यांनी बहुतेक सगळं झाकून टाकलंय, पण एका कपारीत घडीव काळा दगड आहे, गोल. त्याच्या कडेजवळ खुंटा बसेल असं भोक आहे, आणि त्या भोकात एक छोटा मासा राहतो.

पाट्याला भोक नसतं. ते जातंच होतं.