केरबाचं नाव फळ्यावर आलं

कोण्या एका गावच्या ग्रामपंचायतीत एक भोळा शिपाई होता. केरबा त्याचं नाव. ग्रामसेवकांनी ओसरीतल्या फळ्यावर लिहावं आणि केरबानं ते वाचून करावं, असं अकरा वर्षं चाललं होतं. उद्या फवारणी, असं लिहिलं की केरबा पंप धुऊन ठेवी. फळ्यावर नसलेलं त्यानं कधी केलं नाही आणि असलेलं कधी चुकवलं नाही. तरी नोकरी हंगामीच. ती कायम झाली असती तर हौसाला, म्हणजे त्याच्या बायकोला, दुसऱ्यांच्या रानात तण भांगलायला जावं लागलं नसतं. कागद तालुक्याला गेले होते. तिथले साहेब कुठल्याही दिवशी येतील, असं सरपंचबाई सांगत होत्या.

त्याच सुमारास दुरुस्तीसाठी शाळेचं छप्पर उतरवलं. चौगुले गुरुजींनी आपला वर्ग पंचायतीच्या ओसरीत आणला. ग्रामसेवक रजेवर होते, फळा मोकळाच होता. गुरुजी त्यावर रोज इंग्रजीतलं एक जोडक्रियापद, त्याचा अर्थ आणि खाली एक वाक्य लिहू लागले.

पहिल्या दिवशी लिहिलं होतं: टर्न ऑफ म्हणजे बंद करणे. केरबानं वाचलं, टाकीवर गेला आणि गावाचं पाणी बंद करून आला. त्या वेळी निम्म्या गावाच्या अंगाला साबण होता. सरपंचबाई त्याच निम्म्यातल्या. डोक्याला पंचा गुंडाळून त्या ओसरीत आल्या. कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. केरबानं फळा दाखवला. यापुढे काहीही करण्याआधी मला विचारायचं, असं बाईंनी बजावलं. केरबानं ते मनात पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं: पुट आउट म्हणजे विझवणे. आणि दुपारी खरंच सरपंचबाईंची कडब्याची गंजी पेटली. केरबा जवळच होता. बादली होती, विहीर होती. पण बाई मीटिंगला तालुक्याला गेलेल्या. केरबानं सायकल काढली. नऊ मैल दामटून तो मीटिंगच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"बाई, विझवू का?"

"काय?"

"तुमची गंजी."

बाई गावात पोचल्या तेव्हा विझवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी काठीनं राख उकरून बघितली. मग म्हणाल्या, असं काही असलं तर विचारत बसायचं नसतं, तिथल्या तिथं करून मोकळं व्हायचं. केरबानं हेही मनात पक्कं केलं.

तिसऱ्या दिवशी फळ्यावर होतं: लुक आफ्टर म्हणजे काळजी घेणे. मीना आजीची काळजी घेते. वर्गात मीना नावाची एक मुलगी होती. गुरुजी छपराचं काम बघायला शाळेकडे गेले होते. केरबानं कुणाला विचारलं नाही. तिचा हात धरला, तिला तिच्या आजीच्या घरी नेऊन सोडलं आणि बाहेरून कडी लावली. आजी वारून वर्ष होत आलं होतं. मीना दुपारपर्यंत रिकाम्या बाजेवर बसून होती. गुरुजी तिला आणायला गेले तेव्हा ती रडत नव्हती. तिनं उशीची खोळ नीट करून ठेवली होती.

गुरुजी सहसा रागावत नसत. त्या दिवशी रागावले. "लोकांच्या नावाचं तू कशाला करतोस रे? तुझं नाव असेल तेव्हा कर."

केरबाला हे फार पटलं. तेव्हापासून तो रोज फळा वाची आणि नाव नाही म्हणून खाली मान घालून झाडू घेई. आठवडाभर हे बघून गुरुजींना वाईट वाटलं. आपण जास्तच बोललो, असं त्यांना झालं. पुढचं वाक्य पुस्तकात असं होतं: टर्न डाउन म्हणजे नाकारणे. पीटरने नोकरी नाकारली. गुरुजींनी पीटरला गाळलं आणि तिथं केरबा लिहिलं. बिचारा खूश होईल, एवढंच त्यांच्या मनात होतं.

केरबा खूश झाला. त्याच दिवशी साहेब आले. त्यांनी कागद पुढं केला, पेनाचं टोपणसुद्धा स्वतः काढून दिलं. आजपासून तुम्ही कायम, इथं सही करा, म्हणाले.

केरबानं एकदा फळ्याकडे बघून घेतलं. "नको साहेब."

"का हो, दुसरीकडे लागली का?"

"नाही साहेब. पण नकोच."

सरपंचबाई खुर्चीतून उठल्या आणि परत बसल्या. साहेब भला माणूस होता. उद्या बारापर्यंत कागद माझ्याकडे आहे, विचार बदलला तर तालुक्याला येऊन सही करा, असं सांगून ते गेले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी उजाडायच्या आत ओसरीत आले. ठळक अक्षरात त्यांनी लिहिलं: टेक बॅक म्हणजे बोललेला शब्द परत घेणे. केरबाने आपला नकार परत घेतला. नावाखाली दोन रेघा ओढल्या. सरपंचबाईंनी जीप सांगून ठेवली होती. हौसा केरबाचा धुतलेला सदरा घेऊन उभी होती.

केरबा आला. सगळं सावकाश वाचलं.

"अक्षर छान आलंय, गुरुजी."

"नाव वाचलंस ना?"

"वाचलं की."

"मग बस जीपमध्ये."

केरबा जागचा हलला नाही. म्हणाला, "मी कशाला? हा फळा शिपायासाठी असतो. मी तर काल नोकरी नाकारली."

गुरुजींनी फळ्याकडे बघितलं, बाईंनी घड्याळाकडे. त्यांची अडचण केरबाच्या ध्यानात आली. तो बाईंना आपुलकीनं म्हणाला,

"नवा शिपाई नेमा, त्याला पाठवा. फक्त केरबा नावाचाच बघा, बाई. नाहीतर त्याला लागू व्हायचं नाही."