ओसरीवरचा दिवा

कराडच्या द्वारकाबाई घरात एकट्याच. मुलगा श्रीरंग मुंबईत मोठा साहेब. त्याने स्वस्तातला स्मार्ट दिवा ओसरीवर बसवला. तिन्हीसांजेला तो आपोआप लागे. "आता तुला उठायलाही नको," तो ऐटीत म्हणाला होता.

मग एका दुपारी बाई न्हाणीघरात पडल्या. सकाळपर्यंत तिथेच कण्हत होत्या.

श्रीरंग आला तो शेजारच्या हौसाबाईंवरच तडकला. "मावशी, भिंतीला भिंत लागून राहता, आणि तुम्हाला पत्ता नाही?"

हौसाबाईंनी मान खाली घातली.

अंथरुणातून द्वारकाबाई म्हणाल्या, "तिला बोलू नकोस. आधी माझा दिवा दिसला नाही की ती धावत यायची. आता मी मेले तरी दिवा लागतोच."

बाहेर तिन्हीसांज झाली आणि दिवा आपोआप लागला.