गंधाराची वाटी

"मग रविवारी मी बसू की नको, अक्का?"

विश्वजितने हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा इंदुअक्का जलतरंगाच्या वाट्यांच्या कडा फडक्याने पुसत होत्या. चिनी मातीच्या सोळा वाट्या, पाणी भरून अर्धगोलात मांडलेल्या. अक्कांनी मान वर केली नाही.

रविवारी अक्कांच्या गुरूंची, म्हणजे बुवांची पुण्यतिथी. त्या दिवशी बुवांची द्रुत गत वाजायची, अशी मिरजेतल्या त्या घराची रीत. पण अक्कांचे हात कापायला लागले आणि गेली दोन वर्षं गत वाजलीच नाही. ती शिकलेला विश्वजित एकटाच. अकरा वर्षं तो अक्कांच्या होकाराची वाट बघत होता, आणि यंदाही त्या नाही म्हणाल्या तर गत आपल्याबरोबरच संपेल, ही भीती त्याला खात होती.

"शेवटची उतरती तान?" अक्कांनी विचारलं.

"बसली."

"कशी बसली?"

त्याने लॅपटॉप उघडला. सांगताना आवाज जरा चढलाच त्याचा. केलेली मेहनत मिरवावीशी कुणाला वाटत नाही?

जुन्या टेपवरून त्याने अख्खी गत सुरासुराने उतरवून घेतली होती. स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर ती हव्या त्या लयीत वाजवून दाखवायचं. आधी निम्म्या लयीत, मग रोज थोडी वाढवत. पडद्यावर एक लाल रेघ सुरांवरून सरकायची, तिच्याबरोबर याचे हात.

"काल पुऱ्या लयीत शंभर वेळा वाजवली, अक्का. एकदाही चुकलो नाही."

"शंभर..." अक्कांनी फडकं बाजूला ठेवलं. "वाजव."

रेघ निघाली. तिच्यामागे वाट्यांवरून त्याच्या हातातल्या काड्या धावू लागल्या. मध्येच कानाला काहीतरी खटकलं, पण रेघ बरोबर होती, हातही बरोबर होते, म्हणून तो थांबला नाही. उतरती तान सरसर खाली आली आणि रेघ थांबली त्याच क्षणी समेवर पडली.

त्याने अभिमानाने वर पाहिलं.

अक्कांच्या हनुवटीवर पाण्याचा थेंब होता.

मग त्याला वाटी दिसली. मधली, गंधाराची. अर्धी रिकामी.

"तुम्ही..."

"तहान लागली होती. पळीने काढून प्यायले."

"कधी?"

"दुसऱ्या आवर्तनाला. त्यानंतर तू सहा आवर्तनं वाजवलीस."

विश्वजितने वाटीवर काडी टेकवली. पाणी घटलं की सूर चढतो, हे तो पहिल्या दिवशी शिकला होता. गंधार मध्यमाच्या दाराशी जाऊन उभा होता. कान सांगत होते आणि आपण रेघेचं ऐकलं, हे कळून तो मनातून पार खचला.

घाईघाईने त्याने तांब्या उचलला.

"किती ओतशील?"

त्याची नजर सवयीने पडद्याकडे गेली. रेघ होती तिथेच उभी होती.

त्याने लॅपटॉप मिटला.

पळीभर पाणी ओतलं. काडी टेकवली. डोळे मिटले... आणखी चार थेंब. पुन्हा टेकवली... नाही. जास्त झालं. बोट बुडवून थोडं काढलं... शेजारचा रिषभ वाजवून पाहिला, मग षड्ज, मग परत गंधार.



शेवटी गंधार जागेवर आला. विश्वजितला ते कुणी सांगायची गरज पडली नाही, आणि त्याचे डोळे भरून आले. रविवारचं विचारायचं धाडस आता त्याच्यात उरलं नव्हतं.

अक्का भिंतीचा आधार घेत उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"रविवारी मी तुझ्याजवळच बसेन," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी पाणी वेगळं ठेवू नकोस."